पान सतरा, खालचा फोटो

कण्याला बोट लागलं की तांबूस भुकटी सुटते,
म्हणून सकाळी आधी टेबल पुसायचं, मग हात,
मग पुन्हा टेबल.
हातमोजे नाहीत. लोकांना वाटतं, असतात.
सुती बोटांना कागदाची कड कळत नाही
आणि हे काळे कागद आता बिस्किटं झालेत.

पाळण्यात निजवतो मी अल्बमला. खरंच पाळणा म्हणतात:
फोमच्या दोन उतरत्या फळ्या, मधे कण्यापुरती फट.
दोन्ही बाजूंनी दिवे, शेजारी करडी पट्टी,
वर कॅमेरा, मान खाली घालून.
अ‍ॅडलेडचं हे तळघर. इथे दिवस नाही,
फक्त आर्द्रता. आज एक्केचाळीस टक्के.

मिस विनिफ्रेड हॅस्लप, नृत्यशिक्षिका.
एकोणीसशे बावन्नचा हिवाळा, उत्तरेत,
कोरड्या नदीकाठी सहा आठवडे.
प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईत तिचं वळणदार अक्षर:
“शिकारीचं नृत्य.” “पावसाचं नृत्य.” “वृद्धा, नाव अज्ञात.”
माणसांची नावं कुठेच नाहीत.
कुत्र्याचं आहे. डँडी.

आंटी कॉरली रात्रभर बसमध्ये बसून आली,
सोबत पुतण्या डेल आणि थर्मास.
थर्मास दाराबाहेर ठेवायला लावला मी, तेव्हा
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मीच बाहेर उभा राहावं.

नऊ ते बारा ही पानं तिने उघडू दिली नाहीत.
टिश्यूतून अंगावरच्या रेघा दिसल्या, तेवढ्यावर
मान फिरवली. “ही आम्हा बायकांची नव्हेत.
तुझी तर नव्हेतच. भाऊ येईल पुढच्या महिन्यात.”
यादीत चार ओळी कोऱ्या ठेवल्या.
यादीला कोरी ओळ खपत नाही, ती लाल होते.
होऊ दे.

मग सतरा. खालचा.
तीन बायका धुळीत. मधली कमरेत वाकलेली,
दोन्ही मुठी पोटाशी, हनुवटी छातीला,
एक पाय मागे पडता पडता.
“पावसाचं नृत्य,” मिस लिहिते,
“नर्तिका भूमीची आळवणी करते आहे.”

पडद्यावर मोठा केला तशी आंटी गप्प झाली.
डेल पुढे सरकला. मला वाटलं, रडतेय.
खांदे हलत होते.
मग ती जी हसली ती खोकला येईपर्यंत,
आणि खोकल्यातूनही हसली.
“पाऊस कसला रे! ही तीच आहे. ती बाई.
पोटाशी डबा धरायची, डब्यात बघायची,
आणि मागे मागे, मागे मागे...
आम्ही अजून नाचतो हिला. पोरं तर फार छान नाचतात.”
बोट मधल्या बाईवर, काचेपासून जरा दूर.
“ही माझी मोठी आई.” नाव घेतलं नाही.
“शेवटी कुत्र्यावर पडायचं असतं.”

कुत्र्यावर.
मी फाइल मागे नेली, पान चार.
कालच विचारत होतो साहेबांना, हा वगळू का म्हणून:
तिरकं आकाश, अर्धं झाड,
आणि कोपऱ्यात, धूसर, एक कान.
खाली पांढऱ्या शाईत एकच शब्द. “खराब.”

आंटी उठली, खुर्चीची पाठ धरून.
मुठी पोटाशी घेतल्या. गुडघा कुरकुरला.
एक पाऊल मागे, दुसरं,
डेलने वायर बाजूला ओढली, मी दिव्याचा खांब धरला,
तिसऱ्याला तिने अदृश्य डँडीवर
अडखळून दाखवलं, पडली मात्र नाही,
आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
“तूही असाच वाकतोस. बघते आहे सकाळपासून.”

फॉर्ममध्ये रकाना आहे, नृत्याचा विषय.
यादीतून निवडायचं: पाऊस, शिकार, विवाह, इतर.
मी “इतर” दाबलं.
पुढे काय लिहू, विचारलं.
तिने चष्मा पुसला, वेळ घेतला,
आणि मला शब्द सांगायच्या आधी
डेलला म्हणाली, चहा आण.
आता दार उघडंच ठेवलंय मी.